पडद्यावरचा आकडा आणि पुस्तकावरचा आकडा

माझं काम कागदांना भोकं पाडण्याचं होतं. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक करकरणारा प्रिंटर आणि तीन माणसं: साहेब, इंजिनिअर आणि मी. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. बाहेर पाटी कॉम्प्युटरची होती म्हणून लोक जिना चढून यायचे आणि विचारायचे, “इथे पत्रिका काढून मिळते का?”

साहेब आधी एका कारखान्यात स्टोअरचे अधिकारी होते. नोकरी सोडून त्यांनी गोदामांसाठी प्रोग्राम बनवायला घेतला. प्रोग्राम म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. गोदामात काय आलं, काय गेलं, किती उरलं हे तो पडद्यावर दाखवतो, एवढं कळत होतं. आजूबाजूच्या नऊ-दहा कारखान्यांत तो चालत होता. प्रोग्रामबरोबर एक जाड रिंग फाईल द्यायची, तिच्यात तो कसा चालवायचा ते छापलेलं असे. ती पानं मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणायची, पंचाने भोकं पाडायची आणि फाईलमध्ये लावायची. शिवाय झाडू, चहा आणि पोस्टात जाणं.

मी चौथी शिकले. वाचायला येत होतं, इंग्रजी आकडे आणि मोठी अक्षरं ओळखता येत होती. बोलायला मात्र येत नव्हतं. म्हणजे घरी येत होतं, बाहेर नाही. दोनपेक्षा जास्त माणसं समोर असली की माझा गळा तापायचा आणि शब्द तिथेच बसायचे. साहेबांना चहात साखर हवी का, हेही मी पहिले सहा महिने विचारलं नव्हतं. अंदाजाने घालायची. नंतर कळलं, ते साखर घेतच नाहीत.

प्रोग्राम सारखा बदलायचा. इंजिनिअर पंचविशीचा, हुशार पोरगा. मला ताई म्हणायचा. दर दोन-अडीच महिन्यांनी तो खुर्ची गर्रकन फिरवून ओरडायचा, “ताई, नवीन व्हर्जन!” मग दोन पॉइंट तीनचं दोन पॉइंट चार व्हायचं. जी पानं बदलली तेवढीच छापायची, मी भोकं पाडायची आणि सगळ्या कारखान्यांना पाकिटातून पाठवायची. सोबत चिठ्ठी: अमुक पानं काढा, त्याजागी ही लावा. इंजिनिअरला या पद्धतीचा फार अभिमान होता. परदेशातल्या मोठ्या कंपन्या असंच करतात म्हणायचा. “रिंग फाईल कशासाठी असते? पान बदलता यावं म्हणून!”

मला ते ऐकताना काहीतरी खटकायचं. पण काय खटकतंय ते मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं, तर त्याला काय सांगणार.

मग बदलापूरचं झालं.

बदलापूरच्या एमआयडीसीत आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं, एक केमिकलचा कारखाना. तिथल्या स्टोअरकीपरने एका दुपारी ट्रकचा गेटपास काढायला पुस्तकात बघितलं. पुस्तकात लिहिलं होतं, एफ पाच दाबा. त्याने दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? त्याने हो म्हटलं. आणि महिना बंद झाला, म्हणजे त्या महिन्याचा हिशोब मिटला. तारीख अजून अकराच होती. पुढचे दोन दिवस ना माल आत घेता येईना, ना बाहेर सोडता येईना. फाटकावर ट्रक उभे राहिले, ड्रायव्हर लोकांनी तिथेच स्टोव्ह पेटवले.

इंजिनिअर जाऊन महिना उघडून आला तो तोंड फुगवून. “दोन पॉइंट तीनमध्ये एफ पाच म्हणजे महिना बंद. दोन पॉइंट चारमध्ये एफ पाच म्हणजे गेटपास. आपण चारची पानं पोस्टाने पाठवली. चारचा प्रोग्राम घालायला मी अजून गेलोच नव्हतो. त्याने तीनच्या मशीनवर चारचं पान बघून बटण दाबलं. आता याला मी काय करू?”

संध्याकाळी बदलापूरहून तिथल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. साहेब उभं राहून फोन घेत होते. ठेवल्यावर बसले. म्हणाले, “पंधरा दिवस दिलेत. पंधरा दिवसांनी त्यांच्यासमोर स्टोअरकीपरने एकट्याने, कुणाला न विचारता, फक्त पुस्तक बघून काम करून दाखवायचं. जमलं तर ठीक. नाहीतर प्रोग्राम काढून टाकून पुन्हा कार्डावर लिहायला लागणार म्हणतात. आणि त्यांनी काढला की बाकीचे काढतील. मग हे ऑफिस ठेवून मी काय करू?”

हे मला उद्देशून नव्हतं. पण मला पहिल्यांदा समजलं की मी ज्या टेबलापाशी बसते ते टेबल पंधरा दिवसांचं आहे. नवऱ्याच्या कारखान्यात तेव्हा टाळेबंदी होती. माझं हे काम गेलं तर पुन्हा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात जाऊन दोरे कापायचे, दुसरं काही मला येत नव्हतं. असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघांची जुंपली. मी बाजूला भोकं पाडत होते.

“पुस्तकच नको,” इंजिनिअर म्हणाला. “सगळं कॉम्प्युटरच्या आतच घालू. एक बटण दाबलं की पडद्यावर मदत.”

“कॉम्प्युटर कुठे आहे त्यांचा?” साहेबांनी विचारलं.

“केबिनमध्ये.”

“आणि स्टोअरकीपर?”

“गोदामात.”

“मग प्रत्येक वाचनाला तो दोनशे पावलं चालत जाणार? आणि केबिनमध्ये शिरताना चपला काढणार? त्यापेक्षा छापखान्यातून जाड पुस्तक छापून घेऊ. चांगलं, गुळगुळीत कव्हर.”

“आणि मी पुढच्या महिन्यात बटण बदललं की?”

“बदलू नकोस.”

“साहेब, मग मी काय करू, चहा?”

माझ्या हातातला पंच थांबला. चहा माझं काम होतं.

साहेबांनी बदलापूरची फाईल परत मागवून घेतली होती, ती माझ्यासमोर टाकली. “ही जरा नीट लावून ठेवा.” आणि दोघं जेवायला घरी गेले.

मी फाईल उघडली आणि हसूच आलं. स्टोअरकीपरने एकही पान काढलं नव्हतं. चिठ्ठीत लिहिलं होतं काढा, पण स्टोअरचा माणूस छापलेला कागद टाकतो होय? ऑडिटवाला कधी काय मागेल सांगता येत नाही. तिथे मालाचं चलन आलं की ते आधीच्या चलनावर लावतात, नवीन वर, जुनं खाली. त्याने आमची पानंही तशीच लावली होती. एकाच गोष्टीची तीन-तीन पानं, सगळ्यात नवीन सगळ्यात वर. मशीन जुनं आणि वरचं पान नवीन. त्याच्या हिशोबाने त्याने अगदी चोख काम केलं होतं.

आणि मग माझं हसू गेलं, कारण मला एकदम कळलं की एवढे दिवस काय खटकत होतं.

इथे यायच्या आधी मी सहा वर्षं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात होते. आधी दोरे कापायचे, मग मास्टरने मला फर्म्यांवर बसवलं. फर्मा म्हणजे पुठ्ठ्याचा कापलेला नमुना. एका पँटचे आठ-दहा फर्मे: पुढचा पाय, मागचा पाय, पट्टा, खिसा. ते दोरीत ओवून एका खिळ्याला टांगायचे. एका डिझाईनचा एक खिळा. एकदा मागच्या पायाचा फर्मा बदलला, कमरेला थोडा मोठा केला. मी नवीन फर्मा जुन्याच दोरीत ओवला आणि जुना काढला. एकच तर बदललाय, बाकीचे तेच आहेत, असं मला वाटलं. पट्टा जुनाच राहिला. कापडाचे चाळीस थर एकावर एक घालून मास्टरने कापले. चाळीस पँटी शिवायला गेल्या आणि सगळ्यांचा पट्टा बोटभर आखूड. मला वाटलं, आता मला हाकलणार. मास्टरने मला खिळ्यापाशी नेलं. उत्तरेकडचा म्हातारा माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. म्हणाला, “बेटी, एक टुकड़ा बदला तो पूरा सेट नया काटो. सब पे नया नंबर. नया खिल्ला. और पुराना सेट फेंकना नहीं, उसका ऑर्डर फिर आएगा. बस, दोनों को मिलाना नहीं.”

त्या दिवसापासून सहा वर्षांत माझ्या खिळ्यांवर एकही फर्मा मिसळला नाही.

आता समोर ही फाईल होती. मागचा पाय नवीन, पट्टा जुना.

ऑफिसची फरशी मी सकाळीच पुसली होती. मी सगळी पानं रिंगमधून काढली आणि फरशीवर मांडायला घेतली. पानांच्या खाली बारीक अक्षरात व्हर्जनचा आकडा असायचा. दोन पॉइंट दोनची पानं भिंतीकडे, तीनची मध्ये, चारची दाराकडे. एकाखाली एक, पान एक, पान दोन. जिथे पान नव्हतं तिथे जागा रिकामी सोडली. चारच्या रांगेत पाचच पानं होती. बाकी सगळी रांग मोकळी.

दोघं जेवून आले ते दारातच थांबले.

“ताई, हे काय? सत्यनारायण आहे का?” इंजिनिअर म्हणाला.

साहेब मात्र चपला काढून पानांच्या मधून चालत गेले, भिंतीपासून दारापर्यंत. मग त्या रिकाम्या जागांकडे बघत उभे राहिले. “हे तुम्ही का मांडलंत?”

गळा तापला. मी खिडकीच्या पडद्याच्या दांडीकडे बघून बोलले. “चारचं पुस्तक नाहीच आहे साहेब. कुणाकडेच नाही. चारची पाचच पानं आहेत. बाकी पुस्तक तीनचं. नाहीतर दोनचं.”

“अहो, बाकीची पानं बदललीच नाहीत ना!” इंजिनिअर म्हणाला.

“नसतील बदलली. तरी त्यांच्यावर चार लिहायला हवं.”

“का?”

मी पँटींचं सांगितलं. चाळीस पँटी, बोटभर पट्टा, खिळे. सांगताना मी एकदाही वर बघितलं नाही. 

“म्हणजे एका ओळीसाठी,” इंजिनिअर सावकाश म्हणाला, “मी एक ओळ बदलली, तर अख्खं पुस्तक परत?”

“हो.”

“एका ओळीसाठी?”

“हो.”

“मी बदलणारच नाही मग काही!”

“ते बरंच होईल,” साहेब म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

मग साहेबांनी विचारलं, रिंग फाईल ठेवायची का? मी म्हटलं, नको. जे उघडतं त्यात लोक घालतात आणि काढतात. शिवून टाकायचं. वहीसारखं, मधोमध. पान काढायला गेलं तर फाटलं पाहिजे, म्हणजे कुणी काढणार नाही. इंजिनिअरने माझ्याकडे असं बघितलं, जणू प्रिंटर बोलायला लागला.

“आणि पुस्तकाचा मूळ मजकूर कुठे असतो?” साहेबांनी त्याला विचारलं. त्याने कॉम्प्युटर लावून दाखवलं. एकच फाईल होती. नवीन लिहिताना तो जुन्यावरच लिहायचा. दोनचं, तीनचं काही शिल्लकच नव्हतं. शेजारी आणखी दोन फाईली दिसत होत्या. एकीचं नाव ‘नवीन’, दुसरीचं ‘एकदम नवीन’. साहेबांनी विचारलं, यातली जास्त नवीन कुठली? तो म्हणाला, “बहुतेक पहिली.”

त्या दुपारी ठरलं. एका व्हर्जनची एक फ्लॉपी. तेव्हा फ्लॉपी मोठ्या, चौकोनी, पापडासारख्या लवचिक असत. तिच्या कडेला एक खाच असे. त्या खाचेवर काळी चिकटपट्टी लावली की तिच्यावर पुन्हा काही लिहिता यायचं नाही, फक्त वाचता यायचं. व्हर्जन पुरं झालं की ती पट्टी लावायचं काम माझ्याकडे. पट्टी लागली की संपलं.

“आणि मला नंतर चूक सापडली तर?” इंजिनिअर म्हणाला.

“नवीन फ्लॉपी,” मी म्हटलं. “नवीन नंबर.”

“तुम्ही ताई नाही, तुम्ही इन्स्पेक्टर आहात.”

पण त्यानेच दोन दिवस बसून दोन पॉइंट पाच पुरं केलं. चारचा घोळ पुन्हा कुणाच्या माथी नको म्हणून. शिवाय प्रोग्राम चालू झाला की पहिल्यांदा पडद्यावर मोठ्ठा आकडा येईल असं केलं. पुस्तकाच्या कव्हरवर तोच आकडा तेवढाच मोठा.

छापताना एक अडचण आली. पान मधोमध दुमडून वही करायची तर पहिल्या पानाच्या शेजारी शेवटचं पान छापावं लागतं. इंजिनिअर कागदावर आकडे मांडून मांडून दमला. मी चौदा कोरे कागद घेतले, एकात एक घालून दुमडले, पेन्सिलीने वहीसारखे एक ते छप्पन्न आकडे घातले आणि परत उलगडून त्याच्यापुढे ठेवले. कुठल्या कागदावर काय, ते दिसतच होतं. तो बराच वेळ कागद उलटेसुलटे करत राहिला. मग म्हणाला, “मी गणितात पहिला आलो होतो, ताई.” मी म्हटलं, “मग काय झालं.”

पहिल्या पानावर काय लिहायचं ते साहेबांनी मला विचारलं. बाकी पुस्तक सोप्या इंग्रजीत होतं, पण पहिलं पान मराठीत हवं असं त्यांचं म्हणणं होतं. “तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात. तेच झेरॉक्स करू.” मी चार वेळा लिहून फाडलं. शेवटी राहिलं ते हे: पडद्यावरचा आकडा आणि या पुस्तकावरचा आकडा एकच आहे का ते आधी बघा. एक नसेल तर हे पुस्तक मिटून ठेवा आणि आम्हाला कळवा. जुनं पुस्तक टाकू नका.

शिवायला मी कॅम्प तीनला गेले, शेअर रिक्षात मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन. माझा जुना सिंधी सेठ गल्ल्यावरच होता, तो मला अदी, म्हणजे ताई, म्हणायचा. मी काय करणार ते ऐकून त्याने कपाळावर हात मारला. “अदी, अभी किताबों को भी जीन्स पहनाएगी क्या?” पण मशीन दिलं. जाड सुई, नारिंगी दोरा, टाका लांब. चौदा कागद मशीनने लोण्यासारखे घेतले. कारागीर हातातलं काम टाकून बघायला आले. एक म्हणाला, “पॉकेट भी लगा दो, पेन रखने को!”

दोन पॉइंट पाचची दहा पुस्तकं शिवली. आणि त्याच मशीनवर मी आणखी एक शिवलं, ते इंजिनिअरला ठाऊक होतं, पण त्याने हसण्यावारी नेलं होतं. दोन पॉइंट तीनचं. तीनच्या वेळी जवळजवळ सगळीच पानं बदलली होती, ती फरशीवर मांडलेल्या रांगेत होतीच. कमी पडली ती माझ्या कपाटातल्या फिकट निघालेल्या झेरॉक्समध्ये सापडली. पुन्हा झेरॉक्स केली, वर माझ्या अक्षरातलं पहिलं पान आणि कव्हरवर मोठा तीन घातला, शिवली. “जुनं कुणाला हवंय, ताई? मी तिथे पाच घालणारच आहे,” तो म्हणाला होता. जुन्याची ऑर्डर परत येते, हे त्याला सांगून कळलं नसतं.

पंधराव्या दिवशी साहेबांच्या गाडीतून आम्ही तिघं बदलापूरला गेलो. मला कशाला, असं मी दोनदा म्हटलं. साहेब म्हणाले, “पुस्तक ज्याने शिवलं तो माणूस हवा.” नवऱ्याने सकाळी विचारलं होतं, “तू तिथे करणार काय?” मी म्हटलं, “उभी राहणार.” मी माझी चांगली निळी साडी नेसले होते आणि पिशवीत सगळी पुस्तकं होती.

अधिकारी उंच, टापटीप, घड्याळाकडे बघून बोलणारे. स्टोअरकीपर पन्नाशीचा, बारवीकडच्या गावातला, हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा. त्या दोन दिवसांचं सगळं खापर त्याच्यावर फुटलं होतं, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

इंजिनिअर नवीन फ्लॉपी घेऊन पुढे झाला. “पाच मिनिटांत नवीन व्हर्जन घालतो, सर.”

“नाही,” अधिकारी म्हणाले. “पुढच्या आठवड्यात आमची मालमोजणी आहे. तोवर प्रोग्रामला हात लावायचा नाही. जो आहे त्यावरच दाखवा.”

“सर, पण जो आहे तो जुना…”

“मग जुन्याचं पुस्तक द्या.”

इंजिनिअरने पुढे केलेली फ्लॉपी मागे घेतली. त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे. केबिनमध्ये पाच माणसं होती आणि गळा तापलेला होता, पण हाताला बोलायचं नव्हतं. मी पिशवीतली नवीन पुस्तकं टेबलावर काढून ठेवली, तळातून तीनचं काढलं आणि स्टोअरकीपरच्या हातात दिलं.

तो पुस्तकाच्या शिवणीवरून बोट फिरवत म्हणाला, “काय गो ताय, यो तू शिवलंस?”

मी मान डोलावली.

“मजबूत हाय.”

त्याने कॉम्प्युटर लावला. अधिकारी हाताची घडी घालून मागे उभे. स्टोअरकीपरने पहिलं पान उघडलं आणि ओठ हलवत वाचलं. माझं अक्षर. मग एक बोट पडद्यावरच्या आकड्यावर ठेवलं, दुसरं कव्हरवरच्या. जुना प्रोग्राम, पडद्यावरचा आकडा बारीक, कोपऱ्यात. त्याने डोळे बारीक करून बघितला. “तीन. हा पण तीन. बरं.”

मग त्याने पडद्यावर माल आत घेतला. थोडा बाहेर दिला. गेटपास काढायला पान उलटलं. तिथे लिहिलं होतं एफ चार. त्याचं बोट एफ पाचवर जाता जाता थांबलं, पुन्हा पुस्तकाकडे गेलं, पुन्हा बटणांकडे आलं. एफ चार. प्रिंटर करकरला आणि गेटपास बाहेर आला. इंजिनिअरने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

अधिकाऱ्यांचं एवढ्याने समाधान झालं नाही. टेबलावर आमची नवीन पुस्तकं पडली होती. त्यांनी त्यातलं एक उचललं, पाचचं, आणि स्टोअरकीपरच्या हातातलं काढून घेऊन ते त्याच्यापुढे ठेवलं. “आता यावरून आणखी एक गेटपास काढ.”

साहेब काहीतरी बोलायला गेले. अधिकाऱ्यांनी हाताने थांबवलं.

पाचच्या पुस्तकात गेटपासला एफ पाच होतं. त्याने ते दाबलं की महिना पुन्हा बंद. साहेबांचं ऑफिस बंद, माझं टेबल बंद. आणि स्वतःच्या अधिकाऱ्यांनी दिलेलं पुस्तक हा माणूस नाकारणार कसा? तीस वर्षं ज्याने वरचे सांगतील ते केलं, कागद देतील तो लावला, तो?

स्टोअरकीपरने कव्हर बघितलं. पडदा बघितला. पुन्हा कव्हर. मग त्याने पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी उचललं आणि अधिकाऱ्यांपुढे धरलं.

“यो नाय चालायचा, साहेब.”

“का नाही चालायचा? नवीन आहे.”

“नवा हाय, पण मशीन जुना हाय. यो पाच, तो तीन. मना माझा द्या.”

अधिकारी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तीनचं पुस्तक त्याला परत दिलं आणि मोठ्याने हसले. घड्याळाकडे न बघता हसले. “बसा,” ते साहेबांना म्हणाले. “चहा मागवतो.” स्टोअरकीपरलाही म्हणाले, “तूही बस.” तो बसला नाही, पण पाठीमागचे हात सुटून पुढे आले होते आणि त्यांत पुस्तक होतं.

चहा आला. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसच्या वेळेत मला कुणीतरी चहा आणून दिला. साखर बेताची होती.

अधिकाऱ्यांनी प्रोग्राम ठेवलाच, वर रंगकामाच्या आणि भांडार क्रमांक दोनच्या गोदामांसाठीही मागितला. म्हणाले, मालमोजणी झाली की पाच घाला, त्याच दिवशी पाचचं पुस्तक द्या, आधी नाही आणि नंतर नाही. “आणि पुढे काही बदललं तर मी कुणाला विचारायचं?”

इंजिनिअरने तोंड उघडलं होतं. साहेब म्हणाले, “यांना. कुठल्या कारखान्यात कुठला नंबर चालतो आणि कुठलं पुस्तक दिलंय, ते यांच्याकडे आहे. यांनी शिवल्याशिवाय आमच्याकडून काही बाहेर जात नाही.”

हे तोवर खरं नव्हतं. त्या क्षणापासून झालं.

परत येताना इंजिनिअर पुढे बसला होता. शिवमंदिराच्या वळणावर तो मागे वळून म्हणाला, “ताई, खरं सांगा. तीनचं पुस्तक लागणार हे तुम्हाला कसं कळलं?” मी म्हटलं, “कळलं नव्हतं. चालू मशीनचं पुस्तक असायला हवं, एवढंच.” तो साहेबांकडे वळून म्हणाला, “आजपासून पंच मशीन विकून टाका.”

पुढची सात वर्षं मी ते काम केलं. गिऱ्हाईकं वाढली, खोल्या तीन झाल्या, मोठ्या फ्लॉपी जाऊन छोट्या कडक आल्या. त्यांना खाच नव्हती, सरकवायची खिटी होती. ती मीच सरकवायची. माझ्या कपाटात प्रत्येक नंबरचा एक कप्पा होता आणि आमच्या कुठल्याही जुन्या गिऱ्हाईकाने कुठलंही जुनं पुस्तक मागितलं तर मी ते उभ्या उभ्या काढून देत असे. इंजिनिअर दोन ओळींसाठी नवीन नंबर मागायला यायचा तेव्हा मी विचारायची, “आणखी काही बदलायचं राहिलंय का, ते आठवून या.” तो जाऊन आठवून यायचा. नंबर महिन्यांनी नाही, सहामाहीने निघायला लागले. त्यालाही झोप लागायला लागली म्हणाला.

पण मला जास्त आठवतो तो पहिला फोन. बदलापूरहून आल्यावर दोनेक महिने झाले असतील. ऑफिसात तेव्हा दोन कारखान्यांची माणसं बसली होती, साहेब त्यांना काहीतरी समजावत होते. फोन वाजला. मी फोन कधी उचलत नसे. इंजिनिअरने उचलला, ऐकलं आणि माझ्यापुढे धरला. “बदलापूर. तुमच्यासाठी आहे. माझ्याशी बोलायला तयार नाहीत.”

मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून गोदामाचा आवाज येत होता, ट्रक, हातगाडी, आणि त्यावरून तो ओरडत होता. “ताय! मशीनवर आज सहा दिसतंय! यो तुमचा पोरगा काल येऊन गेला, पण पुस्तक पाच हाय! मी कायपन दाबलं नाय!”

मी इंजिनिअरकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

“बरोबर केलंत!” मी म्हटलं. त्याला ऐकू जात नव्हतं, म्हणून आणखी मोठ्याने म्हटलं. “बरोबर केलंत काका! काहीच दाबू नका! सहाचं पुस्तक शिवून तयार आहे, मी आज घेऊन येते! पाचचं टाकू नका!”

फोन ठेवला तेव्हा खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी पिशवी घेतली, कपाटातून सहाचं पुस्तक काढलं आणि इंजिनिअरला म्हटलं, “चला, तुम्हीपण या. त्यांची माफी मागायचीय.”